यादीतला ज्वालामुखी आणि नाशिकचा डोंगर

‘हवामानबदलाची नैसर्गिक कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या मार्गदर्शकांत आणि टिपणवह्यांत एका ठरलेल्या साच्याचे असते. सूर्याच्या उष्णतेतील फेरफार, पृथ्वीच्या कक्षेतील व आसातील बदल, ज्वालामुखींचे उद्रेक, खंडांचे सरकणे आणि सागरी प्रवाह. पाच मुद्दे, पाच गुण. उत्तरात चूक अशी काही नाही. तरीही ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण निरुपद्रवी नाही, असे मला वाटते.

याचा प्रत्यय वक्तृत्व स्पर्धेत येतो. एखादा चुणचुणीत विद्यार्थी उभा राहतो आणि हीच यादी म्हणून दाखवून विचारतो, ‘माणूस नव्हता तेव्हाही हवामान बदलत होतेच ना? मग आजच्या बदलाचा दोष माणसाला का?’ टाळ्या पडतात. परीक्षक शिक्षकही क्षणभर गोंधळतात, कारण मुलाने शिकवलेलेच सांगितले आहे. त्याच्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. जंगलात वणवे विजेमुळेही लागतात, म्हणून काडी टाकणारा निर्दोष ठरत नाही. पण एवढ्या दाखल्याने काम भागत नाही. मुद्दा तपासून दाखवायला हवा, आणि यादीत नेमकी तपासण्याची सोयच नाही. कोणते कारण किती मोठे, किती काळात काम करणारे आणि मागे कोणती खूण ठेवणारे, याबद्दल ती काहीच बोलत नाही.

नाशिकच्या शिक्षकाला या तपासणीसाठी लांब जायला नको. यादीतले तिसरे कारण त्याच्या शाळेच्या खिडकीतून दिसते.

पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर

पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली आहेत तो डोंगर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, उत्तरेकडे साल्हेर आणि दक्षिणेला जिल्ह्याच्या सीमेवरचे कळसूबाई शिखर हे सारे थिजलेल्या लाव्ह्याचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला लाव्हा पसरत गेला, थरावर थर चढले. आज उरलेला भाग सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीलगत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. भूशास्त्रज्ञांनी थरांचे गट पाडले, तेव्हा सर्वांत खालच्या मोठ्या गटाला कळसूबाईचे नाव दिले आणि त्यातल्या एका थरसमूहाला इगतपुरीचे. आपल्या जिल्ह्यातील गाव जगभरच्या शोधनिबंधांत असे वावरते, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

कसारा घाटातून जाताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा भाग ऊनपावसाने कुजून तांबडा झाला. म्हणजे उद्रेक सलग नव्हते, मध्ये विसावे होते. हे पट्टे म्हणजे एक घड्याळच आहे. त्यांत सापडणाऱ्या झिरकॉनच्या बारीक कणांतील युरेनियम व शिशाच्या प्रमाणावरून त्यांचे वय काढता येते.

२०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात या लाव्ह्याच्या वयाविषयी दोन निबंध प्रसिद्ध झाले. ब्लेअर शोन व सहकाऱ्यांनी झिरकॉन वापरले. त्यांना उद्रेकांचे चार मोठे झटके दिसले. कोर्टनी स्प्रेन व सहकाऱ्यांनी लाव्ह्यातील स्फटिकांमधला आर्गॉन वायू मोजला. त्यांना उद्रेक बरेचसे अखंड वाटले. मेक्सिकोत चिक्शुलुब येथे अशनी आदळल्यानंतर लाव्ह्याचा मोठा भाग बाहेर पडला, असे त्यांचे म्हणणे. मतभेद खरा आहे आणि तो मुलांपासून लपवू नये. पण दोघांच्याही मोजमापात दोन गोष्टी समान आहेत. मुख्य उद्रेकांना लाखो वर्षे लागली, आणि कळसूबाई गटातील थर अशनी आदळण्यापूर्वीचे आहेत. समुद्रतळावरील गाळात सापडणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून असेही दिसते की अशनीच्या आधी दोन-तीन लाख वर्षांच्या सुमारास पृथ्वी २ ते ४ अंश सेल्सिअसने तापली आणि पुढे पुन्हा निवली. या तापण्याचा संबंध दख्खनच्या उद्रेकांतून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडला जातो. आपला डोंगर हवामानबदलाचा नुसता साक्षीदार नाही, तो त्यातला संशयित आहे.

एकाच शब्दात दोन उलट परिणाम

आता यादीकडे पुन्हा पाहू. ‘ज्वालामुखींचे उद्रेक’ हे तिने एका ओळीत उरकले. पण ज्वालामुखी पृथ्वी तापवतो की थंड करतो? फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा १९९१ चा उद्रेक आठवावा. त्यातून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात गेला. त्याचे सूक्ष्म तुषार बनले, त्यांनी सूर्यप्रकाश परतवला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. दोन-तीन वर्षांत तुषार खाली बसले, परिणाम संपला. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो साचत जातो आणि हजारो वर्षे परिणाम करतो. म्हणजे एकच ज्वालामुखी दोन-तीन वर्षे थंडावा देतो आणि लाखो वर्षे चाललेले उद्रेक ऊब देतात. काळाचे माप न सांगता ‘ज्वालामुखी’ हे कारण सांगणे म्हणजे औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगण्यासारखे आहे.

हीच गत बाकीच्या मुद्द्यांची. खंडांच्या सरकण्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूर परिसरातील तालचीर थरांत हिमनद्यांनी वाहून आणलेले गोटे सापडतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता आणि आजच्या रणरणत्या विदर्भात बर्फ होते. पण खंड वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. आजोबांच्या आणि नातवाच्या उन्हाळ्यातला फरक या कारणाने पडू शकत नाही. कक्षेतील व आसातील बदलांचा हिशेब सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच यांनी मांडला, त्यांचा मुख्य ग्रंथ १९४१ चा. १९७६ साली हेज, इम्ब्री व शॅकलटन यांनी समुद्रतळाच्या गाळात हीच आवर्तने दाखवून दिली. त्यांचे कालखंड सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ व १९ हजार वर्षांचे आहेत. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रात त्याच्या तेजात सुमारे ०.१ टक्का एवढाच फरक पडतो. उपग्रहांनी १९७८ पासून मोजमाप केले असून त्यात वाढीचा कल नाही, तापमान मात्र वाढले आहे.

फळ्यावरचे एक गणित

आता वर्गात एक गणित मांडावे. अशा लाव्ह्याच्या प्रत्येक घन किलोमीटरबरोबर सुमारे १.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, असा एक मान्य अंदाज आहे. दख्खनचा मूळ लाव्हा १० लाख घन किलोमीटर धरू. एकूण वायू १४ लाख कोटी टन. केवढा प्रचंड आकडा! पण त्याला मुख्य उद्रेकाच्या ७ लाख वर्षांनी भागा. उत्तर येते वर्षाला २ कोटी टन. आज माणूस कोळसा, तेल, सिमेंट व जंगलतोड यांतून वर्षाला सुमारे ४,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. गुणोत्तर २,००० पट.

चौकस विद्यार्थी येथे हरकत घेईल आणि त्याने ती घ्यावीच. उद्रेक एकसारखे नव्हते, काही शतके सरासरीपेक्षा फार जोराची असतील. शिवाय वर न आलेल्या शिलारसातूनही वायू सुटला असेल. ठीक आहे. अंदाज दहा पटींनी वाढवू. तरी माणूस २०० पट पुढे राहतो. १८५० ते २०१९ या काळात माणसाने मिळून सुमारे २.४ लाख कोटी टन वायू सोडला. म्हणजे आपल्या साध्या हिशेबातल्या दख्खनच्या एकूण वायूचा सहावा भाग, ७ लाख वर्षांऐवजी १७० वर्षांत.

यादी जे सांगत नाही ते येथे फळ्यावर दिसते. प्रश्न ‘हवामान पूर्वी बदलले का?’ हा नाहीच, ‘किती वेगाने?’ हा आहे. मागचे हिमयुग सरताना हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ८० भागांनी वाढला, त्याला हजारो वर्षे लागली. हवाईतील मौना लोआ येथे १९८१ साली हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ३४० भाग होते, २०२३ साली सुमारे ४२०. तेच ८० भाग, ४२ वर्षांत.

डोंगराने सोडले, डोंगरानेच घेतले

पृथ्वी पुढे निवली कशी, हे यादीत मुळीच नसते. येथेही उत्तर आपल्याच मातीत आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल बनवतो. ते काळ्या खडकाला कुजवते, त्याचा मुरूम होतो. विरघळलेला चुना व कार्बन ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी समुद्राकडे नेते, तेथे त्याचा चुनखडक बनतो. जगभर खडक कुजण्यातून जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला सुमारे ३० टक्के वाटा काळ्या लाव्ह्याच्या खडकांचा आहे, त्यांनी व्यापलेली जमीन मात्र त्या मानाने फार थोडी. पण हा हिशेब पुरा व्हायला लाखो वर्षे लागतात. ‘निसर्ग आपोआप सावरतो’ हे वाक्य खरेच आहे. त्यात फक्त मुदत लिहायची राहते.

एक सावधगिरी दुसऱ्या बाजूनेही बाळगावी. आपल्या भूगोलात ‘हवा’ रोजची आणि ‘हवामान’ दीर्घ काळाचे, असा भेद शिकवतात. पण बोलण्यात आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने नाशिकच्या द्राक्षबागा झोडपल्या. तेव्हापासून निबंधात ‘गारपीट झाली, म्हणून हवामान बदलले’ अशी वाक्ये दिसतात. एका गारपिटीवरून असा निष्कर्ष काढणे, आणि थंडीच्या एका लाटेवरून तापमानवाढ खोटी ठरवणे, ही एकाच जातीची चूक आहे. माणसावरचा ठपका एका घटनेवर उभा नाही. तो खुणांवर उभा आहे. हवेतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण जुन्या गाडलेल्या वनस्पतींच्या कार्बनकडे झुकते आहे. वातावरणाचा खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. सूर्य तापला असता तर दोन्ही तापले असते.

मग यादी टाकून द्यावी काय? नको. तिच्यापुढे दोन रकाने वाढवावेत: ‘किती काळात’ आणि ‘खूण कोणती’. आणि शेवटची ओळ माणसाची लिहावी, त्याच रकान्यांसह. पाच गुणांचे उत्तर थोडे लांबेल, पण त्या चुणचुणीत विद्यार्थ्याला आपला प्रश्न स्वतःच सोडवता येईल. त्याला गप्प बसवण्यापेक्षा कसाऱ्याच्या घाटात नेऊन तांबडा पट्टा दाखवावा आणि भागाकार त्याच्याकडूनच करून घ्यावा.