जुन्या झालेल्या उद्याचे काय करायचे?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेला रस्ता मुर्धा, राई, मोरवा ही गावे मागे टाकत डोंगरीकडे जातो. पुढे उत्तन, आणि त्याच्याही पुढे गोराईच्या अंगाला, खारफुटीच्या काठावर, दोन बांधकामे शेजारीशेजारी उभी आहेत. एक एस्सेलवर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेले. दुसरा विश्व विपश्यना पॅगोडा, २००९ साली खुला झालेला. पॅगोड्याची जमीन उद्यानाच्याच मालकांनी दान दिलेली. वारा तोच, मीठ तेच, पाऊस तोच. काळाचा हिशेब मात्र दोघांनी अगदी वेगळा मांडला.

पॅगोड्याचा घुमट जोधपूरच्या दगडाचा आहे. आत एकही खांब नाही. व्यास सुमारे ८५ मीटर, म्हणजे विजापूरच्या गोल घुमटाच्या जवळजवळ दुप्पट. दगड खाचांनी एकमेकांत अडकवलेले आहेत, आणि लोखंड कधी ना कधी गंजणारच म्हणून घुमटात ते घेतलेलेच नाही. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हजार वर्षे होती. एस्सेलवर्ल्डच्या डोळ्यांपुढे सुटीतला एक दिवस होता: पोलादी सांगाडे, त्यांवर फायबरग्लासचे मुखवटे, पत्रे आणि दर हंगामाला नव्याने दिलेले भडक रंग. कोविडनंतरच्या काळात ते उद्यान बंद पडले. शेजारचे १९९८ सालचे वॉटर किंगडम चालू राहिले. शहराने हळहळ व्यक्त केली ती बालपणाबद्दल आणि टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीतल्या गाण्याबद्दल. तिथल्या बांधकामाबद्दल कोणी काही बोलल्याचे आठवत नाही.

हे मौन मला महत्त्वाचे वाटते. ‘उद्याचे जग’ दाखवण्यासाठी उभारलेल्या इमारती म्हाताऱ्या झाल्या की त्यांचे काय करायचे, ही आता जगभर एक स्वतंत्र कला होऊ लागली आहे. तिच्यात चुका झाल्या, वाद झाले, काही उत्तम कामेही झाली. आपल्याकडे ती सुरूच झालेली नाही. जत्रेतला आकाशपाळणा पौर्णिमा सरली की सुटा होऊन पुढच्या गावी जातो, गणपतीचा देखावा दरवर्षी नवा उभा राहतो. त्यामुळे करमणुकीसाठी बांधलेले काही राखायचे असते हे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. जत्रेपुरते ते ठीकच होते. पण काँक्रीटचा पाया घालून, एकरोगणती जमीन व्यापून तीन-चार दशके उभे राहिलेले उद्यान जत्रेच्या मापाने मोजता येत नाही.

भविष्याची इमारत इतर इमारतींपेक्षा लवकर जुनी दिसते. वाडा जुना झाला की त्याला वजन येते. अंतराळयानासारखे दिसणारे प्रवेशद्वार जुने झाले की त्याने दिलेले वचन खोटे पडल्यासारखे वाटते. डिस्नेलँडमधल्या टुमारोलँडने ही अडचण सर्वांत आधी भोगली. ते १९५५ साली उघडले. दोनच वर्षांनी तिथे मोन्सॅन्टो कंपनीचे प्लास्टिकचे ‘भविष्यातले घर’ उभे राहिले. १९६७ साली ते पाडायला घेतले, तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा त्या भिंतींवरून उसळून परत येऊ लागला आणि शेवटी घर साखळ्यांनी आवळून मोडावे लागले. वस्तू टिकाऊ निघाली, तिच्यामागची कल्पना मात्र दहा वर्षांत संपली. पुढे १९९८ साली त्यांनी वेगळी वाट धरली: भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे मराठी मुलांच्या ओळखीचा झालेला ज्यूल व्हर्न आणून सारा विभाग तांब्या-पितळेच्या छटांत रंगवला. जुन्या माणसांनी पाहिलेले भविष्य कधीच शिळे होत नाही, हा त्यामागचा विचार. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये १९९२ साली तोच विचार पहिल्या आराखड्यापासून राबवला होता, म्हणून तो शोभला. कॅलिफोर्नियात तो पांढऱ्याशुभ्र आधुनिक आकारांवर वरून फासला गेला, आणि काही वर्षांतच तिथल्या ‘स्पेस माउंटन’ या खेळाचा घुमट पुन्हा पांढरा करावा लागला. मूळ आकार ज्या भाषेत बोलतो ती न ओळखता केलेले नूतनीकरण टिकत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

याच्या उलट ब्रुसेल्सचे अॅटोमियम. १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले, लोखंडाच्या स्फटिकाचे नऊ गोळ्यांचे रूप. अॅल्युमिनियमचे कवच निस्तेज होत गेले, तेव्हा २००४ ते २००६ मध्ये ते उतरवून स्टेनलेस स्टीलचे चढवले. मूळ पदार्थ गेला, मूळ चकाकी परत आली. पुराणवास्तूंच्या शास्त्रात हे जवळजवळ पाप ठरेल. अजिंठ्याचे रंग असे बदलता येणार नाहीत. पण जी इमारत चकाकण्यासाठीच जन्मली, तिच्या बाबतीत चकाकी हाच खरा वारसा आहे. माझ्या मते या साऱ्या कलेचे मर्म इथे आहे: सांगाडा आणि आकार राखा, कातडी निःसंकोच बदला, आतला खेळ काळाप्रमाणे नवा करा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच एपकॉट उद्यानाने १९८२ सालचा आपला प्रचंड गोल राखला, आणि आवारातले ‘होरायझन्स’ हे दालन मात्र जमीनदोस्त केले. तिथले रसिक त्याबद्दल आजही हळहळतात.

आपल्या देशातली जखम याहून खोल आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘आशिया ७२’ या प्रदर्शनासाठी वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज यांनी ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभा केला. असा त्रिमितीय जाळीचा सांगाडा जगात पोलादात करतात. आपल्याकडे पोलाद महाग, म्हणून तो काँक्रीटमध्ये, जागेवर, मजुरांच्या हातांनी ओतला गेला. गरीब देशाने आपल्या ताकदीवर पाहिलेले ते भविष्य होते. साठ वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतींचा विचार होणार नाही, असा पवित्रा तिथल्या वारसा समितीने घेतला, आणि एप्रिल २०१७ मध्ये पंचेचाळीस वर्षांची ती वास्तू पाडली गेली. केंद्राच्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात तर शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे जी वास्तू तीस-चाळीस वर्षांत थकते, तिने शंभरी गाठेपर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय तग धरावा, अशी आपली अपेक्षा. मला हे अन्यायाचे वाटते, आणि ते स्पष्ट म्हणायला हवे.

मुंबईत यापेक्षा चांगले वागता येते हे इरॉसने दाखवले आहे. वास्तुविशारद शोराबजी भेदवारांनी रचलेले १९३८ सालचे हे चित्रपटगृह आज वारसा म्हणून मिरवते, पण त्याच्या काळात आर्ट डेको हाच मुंबईचा उद्या होता. गोथिक कमानींच्या शहरात तो परका आणि उद्धट वाटला असणार. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत मुंबईच्या गोथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह गेला, आणि २०२४ मध्ये जुन्या दर्शनी भागामागे आयमॅक्सचा पडदा उघडला. कवच जुने, खेळ नवा. हीच सवलत एखाद्या करमणूक-उद्यानाला का मिळू नये?

आता एस्सेलवर्ल्डकडे सरळ पाहू. तिथले एंटरप्राइज किंवा टॉप स्पिन हे पाळणे काही त्या जागेचे नव्हेत. तसेच पाळणे युरोपातल्या मेळ्यांतही फिरतात. त्यांच्यासाठी कोणी मोहीम काढावी असे मी म्हणणार नाही. खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटमधल्या सळईपर्यंत क्षार पोचले की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात; उन्हाने फायबरचा वरचा लेप भुकटी होऊन हाताला लागतो. असे मुखवटे दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. त्या उद्यानाची अस्सल रचना होती ती पोहोचण्याची. मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडायची, शहर पाठीमागे ठेवायचे आणि मग दार दिसायचे. भाईंदरकडून येणाऱ्यांना बोट नव्हती. त्यांच्या वाटेवर मिठागरे आणि गावे होती. भविष्यात शिरण्याआधी पाण्याचा नाहीतर मिठाचा पट्टा ओलांडावा लागे. जगातल्या मोठमोठ्या उद्यानांनी असा उंबरठा कृत्रिम तळी खोदून तयार केला. इथे तो भरती-ओहोटीने आयता दिला होता. जेट्टी, तिथून दारापर्यंतची चाल, झाडांची रांग आणि रचनेचा मूळ नकाशा, एवढे राखले तरी आत पुढे काहीही नवे आले तरी चालेल.

पण राखायचे तर आधी नोंद हवी, आणि इथे घाई आहे. या पट्ट्यात जमिनीकडे केवळ जमीन म्हणून पाहिले जाते. मेट्रो ९ ची कारशेड राई, मुर्धा, मोरवा भागात येणार म्हटल्यावर गावांनी केलेला विरोध आणि मग ती डोंगरीला हलवण्याचा निर्णय सर्वांनी पाहिला आहे. तिथे निदान आवाज उठवायला माणसे होती. बंद उद्यानाला गावकरी नसतात.

गोराई मुंबई महापालिकेत, मोरवा आणि उत्तन मीरा-भाईंदरमध्ये. दोन महापालिकांच्या शिवेवरची ही जागा कोणाच्याही नकाशात कडेला पडते. तरी काम फार मोठे नाही. वास्तुकलेच्या एखाद्या महाविद्यालयाने मालकांची परवानगी काढून एका हिवाळ्यात सगळ्या आवाराची मोजणी करावी. रंगाचे थर खरवडून १९८९ चा मूळ रंग कोणता ते पाहावे. पाळण्यांवरच्या कारखान्यांच्या पाट्या टिपाव्यात. आणि तिथे वर्षानुवर्षे नटबोल्ट आवळणाऱ्या, मोटारी दुरुस्त करणाऱ्या, फायबर घडवणाऱ्या कामगारांना गाठावे. कोणता सांधा दर पावसाळ्यात दगा देई आणि तो कशाने थोपवला जाई, हे कोणत्याही आराखड्यात नाही, ते त्यांनाच माहीत आहे.