लोकापवाद आणि अपघाताचा अहवाल

सरकारी चौकशीचे अहवाल हे वाङ्मयाच्या मासिकात परीक्षणाचा विषय होऊ शकतात काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमच्या मते ते होऊ शकतात, आणि व्हावयास पाहिजेत. आपल्याकडील सुशिक्षित घरांतून अलीकडे विमान-अपघातांच्या अहवालांतील वाक्ये जितक्या आवेशाने वाचली, ताणली आणि तोडली गेली, तितक्या आवेशाने एखादी कादंबरीही वाचली गेली नसेल. ज्या लेखनातील एका क्रियापदावर मृत माणसाची अब्रू अवलंबून असते, त्याची भाषा तपासून पाहणे हे टीकाकाराचे काम नव्हे, तर मग कोणाचे?

आमच्यासमोर मुख्यतः दोन अहवाल आहेत. पहिला, 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोड येथे झालेल्या अपघाताचा. तो सप्टेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा, 12 जून 2025 रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून 260 माणसे मृत्युमुखी पडली त्याचा. तो प्राथमिक अहवाल बरोबर एका महिन्याने, 12 जुलै 2025 रोजी बाहेर आला. दोन्ही विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचे. या संस्थेच्या लेखनाचा एक मूलभूत नियम आहे आणि तो वाचकांनी प्रथमच ध्यानात धरावा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक कराराचे तेरावे परिशिष्ट, आणि त्यास अनुसरून आपल्याकडे 2017 साली झालेले नियम, दोन्ही स्पष्ट सांगतात की, चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे एवढाच असून कोणाच्या माथी दोष मारणे हा नव्हे. वैमानिक-कक्षातील संभाषणाचे मुद्रण आणि माणसांच्या प्रकृतीविषयीची खाजगी माहिती चौकशीच्या गरजेपलीकडे उघड करू नये, असाही दंडक त्यात आहे. म्हणजे ज्या लेखनाकडून वाचक ‘अपराधी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मागतो, त्या लेखनाने ते उत्तर द्यावयाचेच नाही, अशी प्रतिज्ञा आरंभी केलेली असते.

कोळिकोडच्या विमानाचे सारथ्य कॅप्टन दीपक वसंत साठे करीत होते. ते पूर्वी वायुदलात होते, आणि त्यांचे आईवडील नागपूरचे. त्यामुळे विदर्भातील मराठी माणसास ही वार्ता परक्याची वाटली नाही. दुबईहून आलेले ते विमान पावसात उतरताना धावपट्टी ओलांडून पठाराखाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले; 190 पैकी 21 जण दगावले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. दुसरे दिवशीच एक कथा घरोघर पसरली. ती अशी की, विमानाची चाके उघडेनात, म्हणून कॅप्टनांनी विमानतळाभोवती तीन घिरट्या घालून इंधन संपविले, शेवटच्या क्षणी यंत्र बंद केले आणि स्वतः प्राण देऊन बाकीच्यांस वाचविले. ही कथा सांगणारांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही संशय नाही. दुःखात माणूस आपल्या माणसाभोवती तेज शोधतोच. परंतु चाके यथास्थित उघडलेली होती आणि विमान दुसऱ्याच प्रयत्नात धावपट्टीवर टेकले होते. रचलेल्या वीरकथेचा परिणाम असा होतो की, ती ढासळली म्हणजे खरा माणूसही तिच्याखाली गाडला जातो. तसेच झाले. चौकशी अजून सुरू व्हावयाची असता अधिकाराच्या जागेवरील मंडळी दूरचित्रवाणीवर बोलू लागली, वैमानिकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध मंत्र्यांकडे तक्रार केली, आणि आठवड्याभरात वीराचा आरोपी झाला.

अहवाल आला तेव्हा त्यातील ‘संभाव्य कारणा’चे वाक्य सर्वांनी उचलले. विमान चालविणाऱ्या वैमानिकाने ठरलेली पद्धती पाळली नाही, अस्थिर स्थितीतच उतरण्याचा प्रयत्न चालू ठेवला, सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना देऊनही तो सोडला नाही. आणि सहवैमानिकाने विमानाचा ताबा स्वतःकडे घेतला नाही, असा त्या वाक्याचा आशय आहे. तो खरा आहे. 8,858 फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान 4,438 फुटांवर टेकले, म्हणजे अर्धी धावपट्टी तोवर मागे पडली होती. आणि वारा पाठीमागून लोटत होता. हे आकडे कोणत्याही ममतेने बदलत नाहीत.

परंतु तोच अहवाल पुढे वाचावा. कॅप्टनांच्या बाजूच्या काचेवरील पाणी पुसणारे यंत्र पहिल्याच प्रयत्नात बंद पडले होते. त्या तळावर 26 सहवैमानिकांस कॅप्टन एकच, अशी कंपनीने माणसांची वाटणी केलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच उड्डाण असल्याने तेथेच उतरण्याची ओढ कॅप्टनांच्या मनात निर्माण झाली असावी, असे चौकशीकारांस वाटले. आणि सहवैमानिकाविषयीचा भाग तर आम्ही दोनदा वाचला. त्याने प्रथम नियमात न बसणाऱ्या मवाळ शब्दांत वरिष्ठाचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. स्पष्ट सूचना त्यानंतर आली. अहवाल यास अधिकारातील तीव्र उतार म्हणतो. आपल्या घरात, शाळेत, कचेरीत ज्येष्ठाची चूक दिसत असताही ‘जरा पाहता का’ एवढेच म्हणून थांबणारी माणसे आपण रोज पाहतो. तो विनय आपण मुलांना शिकवितोही. त्या एका परिच्छेदात आपल्या समाजाचे जे चित्र आले आहे, ते पुष्कळशा सामाजिक कादंबऱ्यांतही आलेले नाही. दुर्दैव असे की, त्याविषयी घरोघर चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती औषधांची.

कॅप्टन एका नेहमीच्या व्याधीवर काही औषधे घेत होते, ती सारी विमान-वैद्यकांस ठाऊक नव्हती, आणि त्यांचा निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असणे शक्य आहे, असे अहवालात आहे. औषधांची नावे आम्ही येथे देत नाही. ज्यांस ती हवी असतील त्यांस ती सहज मिळतील, आणि तेच आमचे दुःख आहे. ती अहवालात घालावयास हवी होती काय? आमचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते काही स्नेह्यांस रुचणार नाही. पोटावर पाय येईल या भीतीने वैमानिक आजार लपवितात, ही गोष्ट जर अपघाताच्या साखळीतील एक कडी असेल, तर ती झाकून वैद्यकीय तपासणीची पद्धत सुधारणार कशी? खाजगी गोष्ट उपायापर्यंत नेत असेल, तरच तिला अहवालात स्थान आहे, ही आमची कसोटी. या कसोटीस ती उतरते. मात्र वृत्तपत्रांनी औषध उचलले आणि एका कॅप्टनामागे 26 सहवैमानिक हा आकडा खाली ठेवला. माणसाच्या कपाटातील बाटली वाचकास समजते, कंपनीची नोकरवाटणी समजत नाही, हे त्याचे एक कारण. आणि मृत मनुष्य अब्रुनुकसानीचा दावा लावीत नाही, हे दुसरे.

याच कसोटीवर 22 मे 2010 रोजीचा मंगळूरचा अपघात पाहावा. त्यात 158 जण गेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने असा निष्कर्ष काढला की, कॅप्टन प्रवासाचा बराच काळ झोपलेले होते आणि त्या झोपेचे जडत्व उतरताना त्यांच्या निर्णयावर होते. पुरावा होता ध्वनिमुद्रणातील घोरण्याचा. झोपेच्या जडत्वाचा सिद्धांत मांडावयाचा तर घोरण्याचा उल्लेख अपरिहार्य होता, हे मान्य. परंतु पुढे कित्येक दिवस लोकांच्या तोंडी सिद्धांत नव्हता, घोरणे होते. मरण पावलेल्या माणसाच्या निद्रेतील आवाजावर जिवंत माणसांनी चहा घेता घेता विनोद केले.

अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात दोष वेगळाच आहे आणि तो आमच्या मते शुद्ध लेखनदोष आहे. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही यंत्रांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणाऱ्या कळा एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्या. सुमारे दहा सेकंदांनी त्या एकामागून एक पूर्ववत झाल्या, परंतु तोपर्यंत उंचीच उरली नव्हती. येथपर्यंत अहवाल यंत्राच्या नोंदीवरून बोलतो. मग एक वाक्य येते: एक वैमानिक दुसऱ्यास, तू पुरवठा का तोडलास, असे विचारताना ऐकू येतो; दुसरा, मी तसे केले नाही, असे उत्तर देतो. विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण, मूळ शब्द कोणते, मागेपुढे काय बोलणे झाले, यांपैकी काहीच नाही. द्रोणाचार्यांच्या वधप्रसंगी धर्मराजाच्या वाक्याचा अर्धा भाग शंखनादात बुडाला आणि उरलेल्या अर्ध्याने काम केले, ही कथा ज्या देशात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे, तेथील लेखकांनी असे अर्धे वाक्य छापावे, हे नवल होय. मुद्रण गुप्त ठेवावयाचे तर ते पूर्ण गुप्त ठेवावे. त्यातील काही सांगणे चौकशीस अवश्य असेल तर ते संदर्भासह सांगावे. अर्धी गुप्तता राखल्याने मृतांचे रक्षण झाले नाही, आणि अर्ध्या प्रकटीकरणाने सत्यही पुढे गेले नाही.

त्या रिकाम्या जागेत मग ज्याने त्याने आपापले नाव भरले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अमेरिकन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक मताचा हवाला देऊन कॅप्टनांकडे बोट दाखविले. कॅप्टनांच्या मनःस्थितीविषयी, त्यांच्या कुटुंबातील मृत्यूविषयी लिहिले गेले. ब्यूरोने अशा वृत्तांस बेजबाबदार म्हटले; अमेरिकेतील वाहतूक-सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनीही ही अनुमाने अकाली असल्याचे सांगितले; येथील वैमानिकांच्या महासंघाने नोटीस धाडली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवालातील निवडक भाग फुटणे दुर्दैवी व बेजबाबदार ठरविले. कॅप्टनांचे वृद्ध वडील त्याच न्यायालयात गेले, तेव्हा 7 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायमूर्तींनी त्यांस, तुमच्या मुलास कोणी दोष देऊ शकत नाही, हे ओझे मनावर घेऊ नका, अशा आशयाचा धीर दिला. धीर योग्यच होता. परंतु त्यावरून ‘वैमानिक निर्दोष ठरला’ असे जे लिहू लागले, त्यांनीही तीच घाई केली. पुराव्यावाचून यंत्रास अपराधी ठरविणे हे पुराव्यावाचून माणसास अपराधी ठरविण्याइतके क्रूर नसेल, पण ते अधिक शास्त्रीय आहे असे मात्र नाही. या वैमानिकांची नावे जगास ठाऊक असली तरी आम्ही लिहिली नाहीत. प्राथमिक अहवालानेही ती लिहिलेली नाहीत, आणि त्या एका बाबतीत तो अनुकरणीय आहे.

आमगावच्या माणसाने या विषयावर लिहावे आणि भवभूतीचे स्मरण करू नये, हे शक्य नाही. महामहोपाध्याय मिराशींनी भवभूतीचे पद्मपूर म्हणून जे गाव निश्चित केले, ते पदमपूर आमच्या शेजारीच आहे. ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक वाचकांनी या दृष्टीने पुन्हा पाहावा. दुर्मुख नगरातील वार्ता घेऊन येतो व प्रथम स्तुती सांगतो. राम म्हणतो की स्तुती राहू दे, काही दोष असेल तर सांग, म्हणजे त्याचा प्रतिकार करता येईल. दोष कशासाठी विचारावयाचा, तर उपायासाठी. तेराव्या परिशिष्टाचा सारा अर्थ या मागणीत आहे. आणि त्यानंतर भवभूती जे करतो ते आम्हांस त्याहून मोठे वाटते. सीतेविषयीचा तो लोकापवाद दुर्मुख रामाच्या कानात सांगतो. प्रेक्षकांस तो ऐकू येत नाही. कथा सर्वांस ठाऊक असताही नाटककार ते शब्द रंगभूमीवर उच्चारू देत नाही. सीता जवळच झोपलेली असते. पुढे रामाने उपाय म्हणून जे केले त्याने केवढा अनर्थ झाला हे सांगावयास नको. उपायाची मागणी करणारा राजा अपवादाचीच अंमलबजावणी करून बसला. सातव्या अंकात अरुंधती नागरिकांस समोर उभे करून विचारते, तोपर्यंत बारा वर्षे गेलेली असतात.

आम्ही येथे दूरच्या गोष्टी बोलत आहोत असे कोणी समजू नये. 18 मार्च 2023 रोजी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून निघालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीचे शिकाऊ विमान आमच्या सीमेपलीकडील लांजी भागातील डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. अवशेषांची चित्रे नातलगांपर्यंत वार्ता पोहोचते न पोहोचते तोच भ्रमणध्वनींवरून फिरू लागली. ती पाठविणारे कोणी दुष्ट नव्हते. चांगल्या घरांतील, देवपूजा करणारी, मुलांस शिकविणारी माणसे होती, आणि प्रत्येकाने ‘फार वाईट झाले’ असे वर लिहून ती पुढे धाडली.

भाषेची एक गोष्ट राहिली. ब्यूरोचे हे अहवाल इंग्रजीत निघतात आणि मराठी वाचकास ते वार्ताहराच्या घाईच्या भाषांतरातून भेटतात. इंग्रजीतील ‘संभाव्य कारण’ मराठीत येता येता ‘वैमानिकच जबाबदार’ होते. ‘कारणीभूत घटक’ हे ‘दोषी’ होतात. ‘असणे शक्य आहे’ यातील शक्यता गळून ‘आहे’ तेवढे उरते. कारण आणि दोष हे दोन निराळे शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत, आपल्या न्यायशास्त्राने तर कारणाचे भेदही बारकाईने केलेले आहेत. मराठी दुबळी म्हणून हे घडते असे म्हणता येणार नाही. अहवाल प्रसिद्ध होईल त्याच दिवशी त्यातील निष्कर्षांचे आणि शिफारशींचे अधिकृत भाषांतर ब्यूरोनेच देशी भाषांतून द्यावे, आणि ते करण्यास भाषा जाणणारी माणसे नेमावी. काम फार तर दहावीस पानांचे आहे.