बातमीतला दंड आणि भरलेला दंड

कामगार-सुरक्षेवर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी बातम्यांची कात्रणं जमवतो. ‘विक्रमी दंड’ असं शीर्षक दिसलं की आकडा उचलायचा आणि एक्सेलमध्ये टाकायचा. माझी हरकत याच आकड्याला आहे. बऱ्याचदा तो प्रस्तावित दंड असतो, वसूल झालेला नव्हे.

बीपी कंपनीचंच बघा. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 2005 च्या स्फोटात 15 जण गेले. दुरुस्त्या अपुऱ्या म्हणून अमेरिकेच्या ‘ओशा’ने 2009 मध्ये 8.74 कोटी डॉलरचा दंड प्रस्तावित केला. कंपनीने आव्हान दिलं. मग 2010 मध्ये 5.06 कोटींवर आणि 2012 मध्ये उरलेल्या बहुतेक आरोपांवर सुमारे 1.3 कोटींवर तडजोड झाली. मोठं शीर्षक मिळालं ते पहिल्या आकड्याला.

आपल्याकडे कपात आणखी आधीच्या पायरीवर होऊ शकते. भोपाळ प्रकरणी 7 जून 2010 ला 2 वर्षांची शिक्षा झाली आणि सगळा राग त्या निकालावर निघाला. पण कलम 304-अ मध्ये कमाल शिक्षाच 2 वर्षं होती! कलम 304 भाग 2 चा, म्हणजे 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा आरोप सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1996 मध्येच खाली आणला होता. फक्त 2010 ची बातमी वाचणाऱ्याला हे कळणारच नाही.

अपील हा हक्क आहे, आणि कपात म्हणजे दरवेळी मेहेरबानी नव्हे. कधी पुरावाच कच्चा असतो. पण ते ठरवायला शेवटचा आदेश वाचावा लागतो.

हे आत्ताच का सांगतोय? कारखाना अधिनियम 1948 मध्ये निरीक्षक खटला भरायचा, दंड न्यायालय करायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत अनेक बाबतींत अधिकारीच दंड लावू शकतो आणि त्यावर अपील करता येतं. म्हणजे ‘लावलेला’ आणि ‘टिकलेला’ असे दोन आकडे आता इथेही दिसतील. कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू झाला तर दंड किमान 5 लाख, आणि त्यातला निदान अर्धा वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. आमच्या बोदलकसा-तिरोडा भागातून राइस मिलमध्ये कामाला जाणाऱ्याच्या घरी अपिलातली कपात ही नुसती आकडेवारी राहत नाही.

म्हणून तक्त्यात तीन रकाने ठेवा: प्रस्तावित, अंतिम, वसूल. ‘ओशा’च्या संकेतस्थळावर मूळ आणि सध्याचा दंड वेगळा दिसतो, ‘सध्याचा’ बदलत राहतो, म्हणून पाहिल्याची तारीख लिहा. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, तिथे बातमीतला आकडा भरू नका. नाहीतर कायदा आहे त्यापेक्षा कडक दिसेल, आणि तुमचा निष्कर्षही तेच सांगेल.