खालची तार

आमच्या लिंबागणेशात भालचंद्र गणपतीच्या देवळात भजन सुरू होण्याआधी पखवाजवाला एक काम न चुकता करतो. भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापतो. मंडळी तोवर पानसुपारीत गुंतलेली असतात. कणकेकडे कोणी पाहत नाही. पण एखाद्या रात्री ती नीट बसली नाही, की बुवांचा गळा कितीही गोड असो, भजन उभे राहत नाही. काय बिघडले ते सांगता येत नाही; काहीतरी बिघडले एवढे मात्र सर्वांना कळते.

मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर. कादंबऱ्या लिहिल्या, पण पाश्चात्य वाद्यांशी माझा संबंध आला नाही. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने मला ‘मा रेवा’ हे गाणे ऐकवले आणि मला ती कणीक आठवली. गाण्याच्या तळाशी काहीतरी जाड, उबदार असे चालत होते. मी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “गुरुजी, तो बेस गिटार. वाजवणारे आणि गाणारे एकच, राहुल राम.”

बेस गिटारला चार जाड तारा असतात, आणि त्या साध्या गिटारच्या खर्जाकडच्या चार तारांपेक्षा सप्तकभर खाली बोलतात. अमेरिकेत १९५१ साली लिओ फेंडर यांनी आपला विजेचा बेस बाजारात आणला आणि वाद्याचा प्रसार झाला. पुढच्या दशकात तिकडे लोकगीतांना विजेच्या वाद्यांची जोड मिळून ‘फोक रॉक’ हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा यांतून १९९० साली दिल्लीत ‘इंडियन ओशन’ हा संच उभा राहिला. १९९१ साली राहुल राम त्यात बेस घेऊन आले.

हा गृहस्थ आला कोठून, ते पाहण्याजोगे आहे. कानपूरच्या आय. आय. टी.त रसायनशास्त्र, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातील विषद्रव्यांवर डॉक्टरेट. एवढे शिकून त्यांनी प्रयोगशाळा गाठली नाही. १९९० ते १९९५ या काळात ते नर्मदा बचाव आंदोलनात राबले. सरदार सरोवराच्या बुडितात आपल्या महाराष्ट्रातलीही ३३ गावे होती. मणिबेली त्यांपैकीच, तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आले. त्या खोऱ्यातले पारंपरिक गीत राहुल राम यांच्यासंगे दिल्लीस गेले आणि २००० साली ‘कंदिसा’ या ध्वनिमुद्रिकेत ‘मा रेवा’ म्हणून आले.

रेवा म्हणजे नर्मदा. गीतात तिची स्तुती आहे. धरण नाही, आसवे नाहीत. खरे सांगतो, प्रथम मला राग आला. काठची माणसे उठवली जात असता नदीच्या निर्मळ पाण्याचे गोडवे कसले गाता? आणि शहरातल्या श्रोत्यांनी त्यावर टाळ्या धराव्यात?

मग माझ्याच वर्गाकडे पाहिले. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि माझे निम्मे बाक रिकामे होतात. त्या बायांच्या तोंडी कोयत्याचे रडगाणे क्वचितच येते. त्या गातात विठ्ठलाचे, माहेराचे, भावाचे. तक्रार अर्जात लिहितात. गाण्यात जपतात ते आपले असलेले. ‘मा रेवा’ हेच करते. काय बुडणार आहे, ते स्तुतीनेच सांगते. खालची तार घोळून घोळून त्याच जागी परत येते, आणि मला तरी तिच्यात उठायला नकार देणारा माणूस ऐकू येतो.

याच ध्वनिमुद्रिकेत गोरख पांडे यांचे भोजपुरी गीत आहे आणि केरळच्या ख्रिस्ती मंडळींची प्राचीन सिरियाक प्रार्थनाही आहे. एवढे निरनिराळे पदार्थ एका ताटात वाढूनही त्यांची भेळ होत नाही, याचे बरेचसे श्रेय मी बेसला देतो. तरीही एक उणे सांगितलेच पाहिजे. ठेक्याची मोहिनी एवढी जबर, की शब्दांपाशी थांबायला उसंत राहत नाही. खोरे ठाऊक नसलेला श्रोता नुसता डोलून घरी जाईल. लोकगीत रंगमंचावर नेणाऱ्याने हा धोका ओळखायला हवा.

खर्ज धरणारा माणूस म्हणजे मागे राहणारा, विनम्र माणूस, असे एक गोड चित्र मी मनाशी रंगवले होते. ते टिकले नाही. राहुल राम रंगमंचावर भरपूर गातात, बोलतात, ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’सारख्या कार्यक्रमांतून सत्तेची थट्टाही करतात. मग खर्ज म्हणजे काय? मला वाटते, जबाबदारी. डिसेंबर २००९ मध्ये असीम चक्रवर्ती गेले, २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडले. दोन्ही संस्थापक नसतानाही संच विखुरला नाही. २०२३ साली ‘तू है’ ही नवी ध्वनिमुद्रिका आली.

आणि खोऱ्याचे काय? ‘कंदिसा’ निघाली त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचा मार्ग मोकळा केला. १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. गाणे उरले म्हणजे गाव उरले, असे मी म्हणणार नाही. गावाची भरपाई गाण्याने होत नसते. पण गाव होते याची साक्ष गाण्याने दिली, आणि ती साक्ष अजून ऐकता येते.

वाचकहो, फराळाच्या निमित्ताने सारे घर एकत्र बसले असेल, तेव्हा हे गाणे एकदा लावा. दुसऱ्या खेपेस वरचा गळा सोडून खालच्या तारेकडे कान द्या. आणि घरात कोणी आजी असेल, तर तिच्या बुडालेल्या किंवा सुटलेल्या गावचे एखादे गाणे तिला आठवते का, तेही विचारून ठेवा.