‘तांबड्या आल्या’ची परीक्षा : नामनिश्चिती आणि प्रमाणविचार

वनौषधींच्या अर्कांचे गुण प्रयोगशाळेत तपासून त्यांची वृत्ते प्रसिद्ध करण्याची प्रथा आता विद्यापीठांपासून ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत रूढ झाली आहे. ‘तांबडे आले’ हा अशा वृत्तांचा अलीकडच्या काळातील एक आवडता विषय होय. ही वृत्ते सामान्यतः रसायनाच्या दृष्टीने वाचली जातात. परंतु ती भाषेच्या दृष्टीने वाचली असता त्यांतील दोन उणिवा ध्यानात येतात : वाक्यातील कर्ता कोण हे पुष्कळदा निश्चित नसते, आणि क्रियापद पुराव्याच्या पुढे धावते.

प्रथम कर्त्याचा विचार करू. ‘तांबडे आले’ हे नाव परभाषेतील नावाचा शब्दशः अनुवाद आहे. मराठी बाजारात रूढ असलेले ते नाव नव्हे. त्या परभाषिक नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. एक झिंजिबर ऑफिसिनेल या नेहमीच्या आल्याचा ‘रुब्रम’ हा प्रकार. त्याचा कंद लहान, साल तांबूस आणि चव अधिक तिखट असते. मलाया व इंडोनेशिया येथील घरगुती औषधांत तो प्रसिद्ध आहे. दुसरी अल्पिनिया पुरपुराटा. तिचे लाल पुष्पकोश बागेची शोभा वाढवितात. कुल एकच, परंतु प्रजाती भिन्न. दोहोंच्याही अर्कांवर प्रयोग झालेले आहेत. शीर्षकातील नावावर विसंबून एकीचे निष्कर्ष दुसरीच्या खात्यावर मांडले, तर पुढील सारे गणित अचूक असूनही उत्तर चुकीचे येणार.

या प्रश्नाचे स्वरूप घाटनांदूरसारख्या गावावरून स्पष्ट होईल. अंबाजोगाई तालुक्यातील, परळी–विकाराबाद लोहमार्गावरच्या या गावी एखाद्या विद्यार्थ्याने आल्याची परीक्षा करावयाचे ठरविले, तर त्याला भाजीवाल्याकडे ‘आले’ मिळेल आणि किराणा दुकानात ‘सुंठ’. कंद एकच, नावे मात्र दोन, आणि ही दोन नावे निरर्थक नाहीत. ‘आले’ हा शब्द संस्कृत ‘आर्द्रक’पासून प्राकृतातील ‘अल्ल’ या रूपावाटे आला. त्याच्या मुळाशी ओलेपणा आहे. ‘शुण्ठी’ची व्युत्पत्ती परंपरेने शुष्कतेशी जोडलेली आहे. ‘भावप्रकाशा’तही आर्द्रक आणि शुण्ठी यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. आधुनिक रसायन या भेदाला दुजोरा देते. ओल्या आल्यातील तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा. कंद वाळविताना वा तापविताना त्याच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो व शोगाओल बनते. म्हणून ‘आल्याचा अर्क’ एवढेच लिहिणाऱ्या वृत्ताने घाटनांदूरच्या बाजारातील बोलीलाही ठाऊक असलेला भेद गाळलेला असतो.

‘अर्क’ या शब्दाचीही तीच अवस्था आहे. मूळ अरबी असलेला हा शब्द मराठीत प्रामुख्याने वाफेवाटे ऊर्ध्वपातन करून मिळविलेल्या द्रवाला लागत असे. पिळून काढला तो स्वरस, पाण्यात उकळला तो काढा. आज मद्यार्कात वा अन्य द्रावकात भिजवून मिळविलेल्या अंशासही ‘अर्क’च म्हणतात. हा केवळ शब्दच्छल नव्हे. ऊर्ध्वपातनात आल्याचे सुगंधी तेल वर येते, पण जिंजेरॉल बाष्पशील नसल्याने मागेच राहते. मद्यार्कात मात्र ते उतरते. वृत्तातील ‘अर्क’ वाचून कोणी वाफेचा अर्क काढला, तर ज्या द्रव्याची परीक्षा झाली ते त्याच्या कुपीत नसण्याचाच संभव अधिक.

आता क्रियापदाचा विचार. काचेच्या तबकडीत जंतूंची वाढ अर्काभोवती थांबली, एवढ्यावरून ‘हा अर्क उपयुक्त ठरू शकेल’ असे विधान करता येते. वृत्ताच्या सारांशात त्याचे ‘उपयुक्त ठरेल’ होते, बातमीत ‘उपयुक्त आहे’ होते आणि जाहिरातीत ‘रोग बरा करतो’. प्रत्येक टप्प्यावर एकेक अर्थ गळतो. पुराव्यात मात्र तिळमात्र भर पडलेली नसते. तबकडीतील अर्काचे प्रमाण मनुष्याच्या रक्तात साधेल काय, हा प्रश्नही वाटेतच हरवतो. सुंठीला ‘विश्वभेषज’ म्हणणाऱ्या परंपरेने तिचा गौरव केला. गौरव हे प्रमाण नव्हे.

प्रमाण कसे असावे याची खूण मराठी म्हणीतच आहे : सुंठीवाचून खोकला गेला. अनायासे काम झाले, या अर्थी ती वापरली जाते. पण तिचा वाच्यार्थ परीक्षकाने मनावर घ्यावा असा आहे. खोकला पुष्कळदा आपोआपच जातो. म्हणून सुंठ घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांचीही गणना केल्यावाचून श्रेय सुंठीला देता येत नाही. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मौरी व क्लेसन यांनी प्रवासी मळमळीवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ३६ व्यक्तींना फिरत्या खुर्चीत बसवून आल्याचे चूर्ण, एक प्रचलित औषध व एक निष्प्रभाव चूर्ण यांची तुलना केली होती. प्रयोग लहान होता, परंतु तुलनेची चौकट त्यात होती. तांबड्या आल्याविषयीच्या पुष्कळशा प्रयोगशालेय वृत्तांत ती चौकट अद्याप मानवी रुग्णांपर्यंत पोहोचलेली नाही.

प्राथमिक परीक्षणे व्यर्थ आहेत, असा याचा अर्थ नाही. अल्प साधनांच्या महाविद्यालयात ती होतात, हे स्वागतार्हच आहे. अपेक्षा इतकीच की, वनस्पतीचा नमुना जपून ठेवून तिचे शास्त्रीय नाव द्यावे. कंद ओला की वाळलेला, द्रावक कोणता व प्रमाण किती, हे सांगावे. आणि निष्कर्षाचे क्रियापद प्रयोगाच्या मर्यादेत ठेवावे. फसव्या औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा भारतात १९५४ साली झाला. पण जाहिरातीचा कच्चा माल जेव्हा संशोधनवृत्तातील सैल वाक्य असते, तेव्हा कायदा उशिराच पोहोचतो. त्या वाक्यावर विश्वासून उपचार लांबणीवर टाकणारा रुग्ण ‘शकेल’ आणि ‘आहे’ यांतील अंतर स्वतःच्या देहाने मोजतो. ते अंतर लेखणीनेच राखणे हे संशोधकाचे कर्तव्य होय.