एका घरची तीन पुस्तकं

महर्षी कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी जे उभं केलं, त्याची हकिगत एकाच घरातल्या तिघांनी आपापल्या परीनं लिहून ठेवली आहे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली आलं. त्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली निघाली. पत्नी आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया, यांचं ‘माझे पुराण’ वाचकांच्या हाती पडायला मात्र १९४४ साल उजाडलं. सून कावेरी कर्वे यांनी ते संपादित केलं. पहिल्या पुस्तकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, उरलेल्या दोघींची आठवण क्वचित निघते. मला मात्र ही तिन्ही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचावीशी वाटतात. अण्णासाहेबांनी काय दिलं ते ‘आत्मवृत्ता’त कळतं, आणि ते कोणाच्या तोंडचं काढून दिलं ते बाया सांगतात.

‘आत्मवृत्ता’तला सर्वांना माहीत असलेला प्रसंग साताऱ्याचा. १८७५ साली मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी ऐन पावसाळ्यात, घाटरस्त्यानं, पायी साताऱ्याला गेला. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, वयानं लहान दिसतोस म्हणाले आणि परत पाठवलं. दुसऱ्या एखाद्यानं या प्रसंगावर पानंच्या पानं भिजवली असती. कर्वे घडलं तसं सांगतात आणि पुढे जातात. ही शैली गणिताच्या मास्तरांची आहे. एक पायरी झाली की दुसरी, आणि मधली एकही गाळायची नाही. देणंही त्यांनी असंच केलं. मुंबईत शिकवण्या करून पोट भरण्याच्या दिवसांतच मिळकतीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढायचा नेम त्यांनी धरला, आणि गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. मन हेलावलं म्हणून खिशात हात घालणारे पुष्कळ असतात. कर्व्यांचं तसं नव्हतं. ते देणं नेमाचं होतं, मन हेलावो न हेलावो. त्यांची श्रद्धा मला या नेमात दिसते. देवाधर्माची भाषा त्यांच्या लेखणीवर फारशी येत नाही. पण १९०८ साली त्यांनी शपथ घेणाऱ्या सेवकांची संस्था काढली तेव्हा तिला नाव दिलं ‘निष्काम कर्ममठ’. गीतेतली कल्पना त्यांनी संस्थेच्या रोजच्या कामाला जुंपली.

याच मुरूडनं पुढे त्यांना वाळीत टाकलं. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे बायांशी, पुनर्विवाह केला. त्यानंतर ते गावी आले तेव्हा गावानं ठराव केला की कर्व्यांबरोबर कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी थारा दिला तर त्यांच्यावरही बहिष्कार. ज्या गावासाठी फंड जमवला त्या गावानं हे करावं! पण या पानांवर कडवटपणाचा एक शब्द नाही. मला हे पुस्तक मोठं वाटतं ते इथे. बहिष्काराची हकिगत आणि पुढे हिंगण्याला विधवांच्या आश्रमासाठी गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीची हकिगत, दोन्ही ते एकाच सुरात सांगतात.

आता ‘माझे पुराण’ उघडावं. सूर एकदम बदलतो. कोकणातल्या माजघरात बसून कोणी सांगावं तसं हे बोलणं आहे, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून त्यात काही झाकलेलं नाही. बाया देवरूखच्या. लहानपणीच लग्न, त्यानंतर थोड्याच दिवसांत वैधव्य, मग सासरी राबत काढलेली वर्षं. भाऊ नरहरपंत मुंबईला घेऊन आले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनात त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंवर धर्मांतराचे आरोप झाले, पुण्यात गदारोळ उठला. बाया हिंदूच राहिल्या, आणि रमाबाईंबद्दलची त्यांची माया शेवटपर्यंत आटली नाही. दुसऱ्याचा धर्म वेगळा आहे म्हणून त्याचे उपकार विसरायचे, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

या पुस्तकाचा गाभा मला विम्याच्या पॉलिसीत दिसतो. अण्णासाहेबांनी आपल्या आयुष्याचा विमा उतरवला होता आणि ती पॉलिसी त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. संस्थेच्या इतिहासात याची त्यागाची खूण म्हणून नोंद होते. बाया मात्र संतापल्या. हा माणूस उद्या डोळे मिटून गेला तर माझ्या मुलांनी खायचं काय? तिच्या जागी दुसरी कोणतीही आई हेच विचारील. हा संताप त्यांनी म्हातारपणीही सौम्य करून सांगितला नाही, आणि पुस्तकात तो तसाच राहू दिला याबद्दल मी कावेरीबाईंची ऋणी आहे. बाया नुसत्या संतापून थांबल्या नाहीत. सुईणकाम शिकल्या, अडल्यानडलेल्या बायकांची बाळंतपणं केली, घराला हात दिला. एकीकडे नवरा देत होता आणि दुसरीकडे बायको त्याला देणं परवडावं म्हणून राबत होती. दानशूरांच्या चरित्रांत हा हिशेब सहसा सापडत नाही.

त्याहून बोचणारी गोष्ट आश्रमाची. १९०० साली हिंगण्याला झोपडी उभी राहिली. कॉलेजात शिकवून झालं की अण्णासाहेब चिखल तुडवत तिकडे चालत जायचे. पण पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरते म्हटल्यावर वर्गणीदार बिथरले असते. शिक्षण आणि पुनर्विवाह या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचं कर्व्यांनी ठरवलं होतं, म्हणून बाया पुण्यात आणि काम हिंगण्यात. विधवांसाठी काढलेल्या घराचं दार एका विधवेलाच बंद, कारण तिनं लग्न केलं आणि तेही ते घर काढणाऱ्याशी! धोरण म्हणून कर्व्यांचं कदाचित बरोबरच असेल. नाहीतर झोपडीच्या जागी पुढे जे उभं राहिलं ते राहिलं नसतं. पण बायांचं मन दुखलं तेही खरं आहे, आणि दोन्ही गोष्टी मान्य करूनच हे पुस्तक वाचायला हवं.

जी जागा बायांना मिळाली नाही ती त्यांच्या धाकट्या बहिणीला मिळाली. ‘माझी कहाणी’त पार्वतीबाई सांगतात की वैधव्य आल्यावर त्यांनी पुनर्विवाहाचा विचार मनातून काढून टाकला. केशवपन झालेली, जुन्या रीतीनं राहणारी ही बाई वर्गणी मागायला दारात उभी राहिली की सनातनी घरंही आत घेत. आश्रमाला तिच्या त्या रूपाचा उपयोग झाला आणि तिनं तो होऊ दिला. पुढे तिनं केस राखले. मग १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना, संस्थेसाठी पैसा जमवायला अमेरिका गाठली आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. देवरूखची विधवा परमुलखात, परक्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासते आहे आणि तिच्या मनात हिंगण्याचा आश्रम आहे! हा भाग मला तिन्ही पुस्तकांत सर्वांत धीराचा वाटतो. लेखिका म्हणून पार्वतीबाई बायांइतक्या रसाळ नाहीत. कधी कधी त्या उपदेशाकडे झुकतात, आणि तिथे वाचन अडखळतं. अमेरिकेच्या पानांवर मात्र उपदेश मागे पडतो.

आधी ‘आत्मवृत्त’ वाचावं, कारण सनावळी आणि संस्थेची घडण तिथे नीट लागते. मग पार्वतीबाई, आणि शेवटी बाया. उलटं वाचलं तर बायांचा राग डोक्यात ठेवून आपण अण्णासाहेबांना जोखायला लागतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल. घरच्यांनी तो होऊ दिला नाही. दिनकर धोंडो कर्व्यांनी १९६३ साली ‘द न्यू ब्राह्मन्स’ हे इंग्रजी पुस्तक सिद्ध केलं. त्यात वडिलांची कथा आणि आईची कथा दोन्ही एकाच बांधणीत आहेत, आणि सून इरावतीबाईंनी सासऱ्यांवर लिहिलेला लेखही त्यात आहे.