'वाल्किरी' : शपथ मोडण्याआधीचा माणूस

वचन कधी बांधतं आणि कधी बांधत नाही, या प्रश्नासाठी आज आपण एक चित्रपट घेऊ. ब्रायन सिंगर यांचा 'वाल्किरी', २००८ सालचा. बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जर्मन सैन्यातला कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या बैठकीत बाँब ठेवतो. हिटलर बचावतो, आणि त्याच रात्री बर्लिनमध्ये कर्नलला गोळ्या घातल्या जातात. टॉम क्रूझने काम नेटकं केलंय. शेवट माहीत असूनही उत्कंठा टिकते, ही काही छोटी गोष्ट नव्हे.

आमची तक्रार वेगळी आहे. पडद्यावर सुरुवातीलाच सैनिकांची शपथ येते आणि लगेच आपण १९४३ च्या ट्युनिशियात असतो. तिथे हा अधिकारी डायरी लिहितोय, आणि त्याचं मन आधीच फिरलेलं आहे. म्हणजे ते फिरलं कसं, हे दाखवायचंच राहून गेलं.

ती शपथ जरा नीट पाहू. २ ऑगस्ट १९३४ ला हिंडेनबर्ग वारले आणि लगोलग सैन्याकडून ती घेतली गेली. राज्यघटनेशी नाही, देशाशीही नाही. हिटलर या एका माणसाशी बिनशर्त आज्ञापालनाची. एरवी वचन देताना आपण काय करणार आहोत ते आपल्याला ठाऊक असतं. 'तू सांगशील ते करीन', हे वचन आहे की विवेक गहाण टाकणं? आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. पण मीठ कोणाचं, हे कोणी विचारायचं?

श्टाउफेनबर्ग ही शपथ घेऊन जवळजवळ दहा वर्षं नोकरीत होता. १९३९ मध्ये पोलंडच्या मोहिमेवरून त्याने पत्नीला लिहिलेल्या पत्रात तिथल्या लोकांविषयी, ज्यूंविषयी, उघड तुच्छता आहे. जनरल लुडविग बेक १९३८ मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. हा मात्र राहिला. पुढे पूर्वेकडच्या कत्तलींच्या बातम्या त्याच्यापर्यंत आल्या, आणि माणूस हळूहळू आतून हलला. हा प्रवास अवघड आहे, थोडा लाजिरवाणाही. तो वगळून चित्रपट आपल्या हाती तयार नायक देतो. अशा नायकात स्वतःला पाहणं फार सोपं असतं. ते पत्र लिहिणाऱ्यात पाहून बघा बरं!

एक प्रसंग मात्र आम्हाला अजून आठवतो. मेजर रेमर गोबेल्सला अटक करायला जातो. गोबेल्स त्याच्या हाती फोन देतो. पलीकडून हिटलरचा आवाज येतो. संपलं! रेमर तिथल्या तिथे उलटा फिरतो आणि उठाव कोसळू लागतो. शपथ माणसाचं काय करते, ते या दोन मिनिटांत दिसतं. बाकीच्या चित्रपटात ते शोधावं लागतं.

या रेमरची गोष्ट तिथे संपत नाही. युद्धानंतर तो कटवाल्यांना जाहीरपणे देशद्रोही म्हणत राहिला. १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात त्याच्यावर बदनामीचा खटला चालला, आणि तो दोषी ठरला. सरकारी वकील होते फ्रिट्झ बाउअर. नाझींनी तुरुंगात टाकलेला, परागंदा व्हावं लागलेला हा ज्यू माणूस. त्याने मांडलं की जे राज्यच अन्यायावर उभं आहे, त्याच्याशी द्रोह होऊच शकत नाही. हा युक्तिवाद कुठवर टिकतो, ते आता पुढच्या वेळी पाहू.